वायरलेस कॅमेरा घ्यायच्या आधी एकदा मेन स्विच बंद करून बघा



गेल्या रविवारच्या बॅचमध्ये चहाच्या सुट्टीत एका ताईंनी मोबाईल माझ्यापुढे धरला. स्क्रीनवर छोटासा पांढरा कॅमेरा, खाली किंमत, आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत 'शंभर टक्के वायरलेस'. दिवाळीच्या आधी त्यांचं मसाल्याचं दुकान सुरू व्हायचंय. म्हणाल्या, "मॅडम, हा घेऊ का? वायरिंगचा खर्च वाचेल. तो कॅमेरे बसवणारा बारा हजार सांगतोय."

मी विचारलं, "लाइट गेल्यावर हा चालेल का?"

त्या म्हणाल्या, "वायरलेस आहे ना, मग?"

त्यांना हसू नका. मी बीबीए केलंय, दहा वर्षं दुकान चालवतेय, लोकांना धंदा शिकवते, आणि हीच चूक मी स्वतः केली आहे. त्या चुकीत माझे पैसे फारसे गेले नाहीत, पण एक माणूस गेलं. म्हणून आज हा विषय घेतलाय. माझं मत आधीच सांगून टाकते: जागा स्वतःची असेल आणि वायर टाकता येत असेल, तर वायर टाका. वायरलेस कॅमेरा तिथेच घ्या जिथे वायर खरंच जात नाही. आणि कुठलाही घ्या, कॅमेऱ्यावर पैसे सगळ्यात शेवटी खर्च करा. आधी वीज, मग नेटवर्क, मग साठवण, मग कॅमेरा.

माझ्या दुकानात काय झालं

माझं रेडिमेड कपड्यांचं दुकान सांगली जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी आहे. २०२२ मध्ये मी दोन वायफाय कॅमेरे बसवले. एक गल्ल्यावर, एक मागच्या दारावर, जिथे माल उतरतो. दोन्ही मिळून ५,२०० रुपये. विकणाऱ्याने एक वर्ष क्लाउड फुकट दिलं होतं, म्हणजे रेकॉर्डिंग थेट इंटरनेटवर जाऊन साठणार. मग मेमरी कार्ड कशाला, असं म्हणून ते मी घेतलंच नाही. बाराशे-तेराशे रुपये वाचवल्याचा आनंद झाला होता.

पुढच्या वर्षी, ऐन लग्नसराईत, एका दिवशी दुरुस्तीच्या कामासाठी सकाळपासून लाइट गेलेली. मी बँकेत. मागच्या दाराला ट्रान्सपोर्टचा टेम्पो आला. दुकानात एकटी माझ्याकडे तीन वर्षं काम करणारी मुलगी. गिऱ्हाईक सांभाळत तिने माल उतरवून घेतला आणि चलनावर सही केली. संध्याकाळी मी खोकी मोजली. पाच. चलनावर सहा. एका खोक्यात ११,४०० रुपयांच्या कुर्त्या.

मी ॲप उघडलं. सकाळी १०:१२ पर्यंत रेकॉर्डिंग होतं, आणि त्यानंतर एकदम ४:४७. मधले साडेसहा तास कोरे.

वाईट याचं वाटलं की कॅमेरा त्या वेळात चालू होता! त्याचा अडॅप्टर इन्व्हर्टरच्या बोर्डाला होता, हिरवा दिवा पेटलेला होता. पण राउटर होता टेबलाखालच्या साध्या बोर्डाला. लाइट गेली, राउटर बंद पडला. राउटर बंद म्हणून नेट बंद, नेट बंद म्हणून क्लाउड बंद. आणि कार्ड तर मी घेतलंच नव्हतं. कॅमेरा दिवसभर बघत होता, पण बघितलेलं ठेवायला त्याच्याकडे जागाच नव्हती.

मी त्या मुलीला विचारलं, "नीट मोजली होतीस ना गं?" ओरडले नाही. पण रात्री दुकान बंद करताना परत एकदा विचारलं. दुसऱ्या वेळी तिचा चेहरा उतरला. नवव्या दिवशी ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन आला, की तुमचं एक खोकं दुसऱ्या पार्टीच्या मालात गेलं होतं, उद्या पाठवतो. मी तिची माफी मागितली. "असू द्या ताई," म्हणाली. महिना भरला, पगार घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून आली नाही. आता गावातच दुसऱ्या दुकानात आहे. बाजारात भेटली की हसते, थांबत नाही.

खोकं परत आलं. तिच्यासारखी मुलगी मला अजून मिळालेली नाही.

'वायरलेस' म्हणजे नक्की काय?

कॅमेऱ्याला दोन गोष्टी लागतात. एक वीज, दुसरी चित्र बाहेर न्यायची वाट. 'वायरलेस' हा शब्द फक्त दुसऱ्या गोष्टीबद्दल बोलतो. चित्र वायफायने जातं, एवढाच त्याचा अर्थ. पहिल्या गोष्टीसाठी बहुतेक वायफाय कॅमेऱ्यांच्या मागे पिन असते, अडॅप्टर असतो आणि तो खोचायला बोर्ड लागतो. म्हणजे दोनपैकी एक वायर गेली, एक राहिलीच.

बॅटरीवर चालणारे, खरोखर एकही वायर नसलेले कॅमेरेही मिळतात. पण त्यांचं काम वेगळ्या पद्धतीने चालतं. बॅटरी वाचवायला ते बहुतेक वेळ झोपलेले असतात. समोर हालचाल झाली, अंगाची ऊब सेन्सरला जाणवली, की जागे होतात आणि थोडा वेळ रेकॉर्ड करून परत झोपतात. शेतावरचं गेट, बंद गोदाम, जिथे दिवसातून चार वेळा कोणी येतं, तिथे हे उत्तम. दुकानात मात्र दर मिनिटाला गिऱ्हाईक हलतंय. तिथे हा कॅमेरा सारखा जागा होणार, आणि डब्यावर लिहिलेले महिने राहतील बाजूला, थोड्याच दिवसांत चार्जिंगला काढावा लागणार. शिवाय जागा व्हायला जो क्षण लागतो, नेमका तोच हुकू शकतो. सोलर पॅनलचा कॅमेरा घेणार असाल तर जून ते सप्टेंबर डोळ्यांपुढे आणा. आठ-आठ दिवस ऊन नाही, तेव्हा त्याचं पोट कशावर भरणार?

वीज: तीन ठिकाणी फसगत होते

पहिली फसगत माझी होती. कॅमेरा इन्व्हर्टरवर, राउटर नाही. तुमच्याकडे फायबरचं नेट असेल तर राउटरच्या आधी एक छोटी डबी असते, तिलाही वेगळी पिन असू शकते. कॅमेरा, राउटर आणि ही डबी, तिन्ही एकाच बॅकअपवर हवीत. एक जरी सुटली तरी साखळी तुटली. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे त्यांना यासाठी नवीन काही विकत घ्यायचं नाही, फक्त पिन हलवायची आहे. या तिन्हींचा मिळून भार एका छोट्या एलईडी बल्बाएवढा, फार तर दोन बल्बांएवढा. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोड आणि साधा मोड असा खटका असतो. तो यूपीएसवर ठेवा. साध्या मोडवर लाइट गेल्यापासून इन्व्हर्टर सुरू होईपर्यंत जो झटका बसतो, त्यात राउटर बंद होऊन परत सुरू होतो आणि दोन-तीन मिनिटं वाया जातात.

दुसरी फसगत मिनी यूपीएसची. इन्व्हर्टर नाही म्हणून लोक राउटरसाठी छोटा यूपीएस घेतात. चांगली गोष्ट आहे, मीही सुचवते. पण त्यावरचा आकडा नीट वाचा. समजा लिहिलंय १०,००० एमएएच. विकणारा सांगतो दहा-अकरा तास चालेल. हा हिशेब तो १२ व्होल्टवर करतो. आतले सेल मात्र ३.७ व्होल्टचे असतात, आणि डब्यावरचा आकडा बहुतेक वेळा त्या सेलचा असतो. म्हणजे १० गुणिले ३.७, झाले ३७ वॅट-तास. व्होल्टेज वाढवताना काही वाया जातं, हातात धरा ३० च्या आसपास. राउटर ७ वॅट आणि कॅमेरा ४ वॅट धरला तर ११ वॅट. तीसला अकराने भागा. पावणेतीन तासही नीट नाहीत. मला पावणेतीन तास चालतील, पण मला ते घेतानाच माहीत हवेत. अकरा तासांच्या भरवशावर राहून तिसऱ्या तासाला अंधार, हे नको. आणखी एक बघायचं. राउटर साधारण १२ व्होल्टचा असतो, बरेच छोटे कॅमेरे ५ व्होल्टचे. यूपीएसला दोन्ही प्रकारचे पॉइंट आहेत का, हे विचारूनच घ्या. चुकीच्या पॉइंटला पिन लावली तर कॅमेरा जळेल.

तिसरी फसगत लांब वायरीची, आणि ही फार लोकांना कळतच नाही. कॅमेरा दिवसा मस्त चालतो, संध्याकाळी सातनंतर बंद-चालू बंद-चालू होतो. लोक म्हणतात कॅमेरा खराब, बदलून आणतात, नवाही तेच करतो. कारण असं की कॅमेरा उंचावर लावला, बोर्ड लांब, म्हणून ५ व्होल्टची बारीक यूएसबी वायर पाच मीटर वाढवली. बारीक वायरीत वाटेतच व्होल्ट गळतात. दिवसा कॅमेरा कमी वीज खातो, तेव्हा निभावतं. अंधार पडला की त्याच्या आतले इन्फ्रारेड दिवे लागतात, खाणं वाढतं, गळतीही वाढते, आणि टोकाला ५ व्होल्टच्या जागी चारच्याही खाली येतात. कॅमेरा बंद पडतो. बंद पडल्यावर खाणं थांबतं, व्होल्ट वर येतात, तो परत चालू होतो. रात्रभर हाच खेळ.

उपाय सोपा आहे. ५ व्होल्टची वायर वाढवू नका, २३० व्होल्टची वाढवा. म्हणजे वायरमनकडून कॅमेऱ्याजवळच एक बोर्ड काढून घ्या, अडॅप्टर तिथे लावा, आणि कॅमेऱ्यासोबत आलेलीच वायर वापरा. आता बघा, 'वायरलेस' कॅमेऱ्यासाठीसुद्धा वायरमन आलाच.

नेटवर्क: वायफाय आणि इंटरनेट एक नाही

आपण बोलताना वायफाय आणि नेट एकच समजतो. वायफाय म्हणजे कॅमेऱ्यापासून राउटरपर्यंतची वाट. इंटरनेट म्हणजे राउटरपासून बाहेरच्या जगाची वाट. पहिली तुमच्या हातात आहे, दुसरी नाही. तुमच्याकडे पूर्ण बॅकअप असला तरी केबलवाल्याच्या टोकाला लाइट नसेल किंवा रस्ता खोदताना फायबर तुटली असेल, तर नेट जाणारच. म्हणून जे रेकॉर्डिंग फक्त नेटवर जातं, त्यावर धंद्याचा भरवसा ठेवू नका. क्लाउड जरूर घ्या, पण जोडीला कॅमेऱ्यात कार्ड असलंच पाहिजे. चोराने कॅमेराच उचलून नेला तर क्लाउड कामी येतं. नेट गेलं तर कार्ड कामी येतं.

आता पहिल्या वाटेबद्दल. वायफायचे दोन पट्टे सर्रास वापरात आहेत, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ लांब जातो आणि भिंतीतून बऱ्यापैकी पार होतो. ५ चा वेग जास्त, पण भिंत आली की दमतो. स्वस्त कॅमेरे बहुतेक फक्त २.४ ओळखतात. म्हणून कॅमेरा जोडताना 'नेटवर्क सापडत नाही' असं आलं, तर कॅमेऱ्याला शिव्या घालण्याआधी राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही पट्ट्यांना वेगवेगळी नावं द्या आणि २.४ वर जोडा.

पण २.४ ची अडचण अशी की बाजारपेठेत सगळेच त्यावर. शेजारचं मेडिकल, वरचा क्लास, समोरची पतसंस्था. या पट्ट्यात एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. राउटर आपोआप कुठलाही पकडतो. मोबाईलवर वायफाय तपासायचं फुकट ॲप मिळतं, त्यात कुठल्या चॅनेलवर गर्दी कमी ते दिसतं. तिथे राउटर हलवा. पाच मिनिटांचं काम आहे.

त्याच ॲपमध्ये सिग्नलचा आकडा दिसतो, उणे चिन्हाचा. कॅमेरा जिथे लावायचाय तिथे, त्याच उंचीवर, शिडीवर चढून मोबाईल धरा. उणे ५० च्या आसपास असेल तर छान. उणे ६५ पर्यंत चालेल. उणे ७५ किंवा त्याहून वाईट असेल तर तिथे कॅमेरा लावू नका, रोज तुटणार.

आणि हे मोजमाप शटर खाली ओढून करा. याला मी ठळक अक्षरांत लिहितेय कारण दहातले नऊ जण हे दिवसा, शटर उघडं ठेवून बघतात. शटर लोखंडाचं. वायफायला लोखंडासारखा दुसरा वैरी नाही. बाहेरचा कॅमेरा दिवसभर छान दिसतो, आणि रात्री शटर पडल्यावर, म्हणजे जेव्हा त्याची खरी गरज असते तेव्हा, गायब. आत लोखंडी रॅक असतील तर त्यांचाही हाच त्रास. राउटर काउंटरखालच्या कपाटात कोंबला असेल तर आधी तो बाहेर काढून उंचावर टांगा. कितीतरी दुकानांत एवढ्यानेच काम झालंय.

एक घरगुती अडचणही सांगते. भाचा सुट्टीला आला आणि राउटरचा पासवर्ड बदलून गेला, किंवा केबलवाला बदलला म्हणून नवा राउटर आला. मोबाईल तुम्ही परत जोडता, कॅमेरा विसरता. पंधरा दिवसांनी बघता तर ऑफलाइन. नवा राउटर आला की त्याला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, कॅमेरा बहुधा आपला आपण जोडला जातो. आणि गिऱ्हाइकांना वायफाय द्यायचं असेल तर गेस्ट नेटवर्क वेगळं काढा.

डेटाचा हिशेब एकदा कागदावर करा

साध्या १०८० च्या चित्राला सेकंदाला साधारण २ मेगाबिट लागतात असं धरू. तासाला झाले ०.९ जीबी. चोवीस तासांचे साडेएकवीस जीबीच्या थोडं वर. यावरून तीन गोष्टी लगेच कळतात.

एक, १२८ जीबीच्या कार्डात सतत रेकॉर्डिंग पाच-सहा दिवस राहतं, मग जुनं पुसून त्यावर नवं चढतं. माझं खोकं नवव्या दिवशी सापडलं होतं, लक्षात घ्या. कॅमेऱ्यात नव्या एच.२६५ पद्धतीने साठवायची सोय असेल तर ती चालू करा, जागा बरीच वाचते. आणि कार्ड साधं मोबाईलचं नको. सतत लिहिण्या-पुसण्यासाठी बनवलेलं 'हाय एंड्युरन्स' कार्ड घ्या. साधं कार्ड लवकर झिजतं, आणि कॅमेरा ते तुम्हाला सांगेलच असं नाही.

दोन, चार कॅमेऱ्यांचं चित्र क्लाउडवर सतत पाठवायचं तर ८ मेगाबिटचा अपलोड हवा. आपण प्लॅन घेताना डाउनलोडचा आकडा बघतो. कॅमेऱ्याला अपलोड लागतो.

तीन, सिमवर चालणारा ४जी कॅमेरा घेणार असाल आणि रोजचा २ जीबीचा पॅक मारणार असाल, तर सलग चित्र बघितलं की सव्वादोन तासांत पॅक संपला. त्यानंतर वेग इतका कमी होतो की चित्र हलत नाही. असा कॅमेरा रेकॉर्डिंग कार्डावर करेल आणि तुम्ही फक्त गरजेपुरतं बघाल, अशा बेतानेच घ्या.

साठवणीसोबत घड्याळही आलं. बरेच कॅमेरे वेळ इंटरनेटवरून घेतात. लाइट येऊन कॅमेरा चालू झाला पण नेट आलं नाही, तर तारीख भलतीच पडू शकते. आठवड्यातून एकदा कॅमेऱ्यावरची वेळ आणि भिंतीवरचं घड्याळ ताडून बघा. प्रकरण पुढे पोलिसांपर्यंत गेलं तर ही वेळ महत्त्वाची ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे असं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून देताना सोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. तेव्हा तारखेचा घोळ निस्तरत बसण्यापेक्षा आज दोन मिनिटं घालवलेली बरी.

मग मी दुसऱ्यांदा काय केलं

मी वायर टाकली. दुकान आमच्या स्वतःच्या जागेत आहे, त्यामुळे कोणाला विचारायचं नव्हतं. या पद्धतीला पीओई म्हणतात. नेटवर्कची जी केबल चित्र आणते तीच कॅमेऱ्याला वीजही नेते. साध्या पीओईमध्ये एका केबलवर १५.४ वॅटपर्यंत वीज पाठवता येते, अंतर १०० मीटरपर्यंत चालतं, आणि व्होल्टेज ४८ च्या आसपास असल्याने त्या ५ व्होल्टच्या वायरीसारखी गळती जाणवत नाही. केबल घेताना शुद्ध तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त पडते, पण वीज न्यायला ती कच्ची.

यात मला सगळ्यात आवडलं ते असं की बॅकअपची काळजी एकाच जागी आली. रेकॉर्डर काउंटरवर, तोच इन्व्हर्टरवर. कॅमेरे त्यातूनच जेवतात. कुठल्या कॅमेऱ्याची पिन कुठल्या बोर्डाला, हा प्रश्नच संपला. वायफाय बंद पडो, नेट तुटो, पासवर्ड बदलो, रेकॉर्डिंग हार्ड डिस्कवर चालूच. नेट लागतं ते फक्त मला घरून बघायचं असेल तेव्हा.

दोन कॅमेरे, रेकॉर्डर, हार्ड डिस्क, केबल आणि मजुरी मिळून साडेअठरा हजार गेले. आधीच्या ५,२०० च्या साडेतीनपट. हे ऐकून बॅचमध्ये लोक मान हलवतात, एवढे कुठून आणायचे म्हणतात. मान्य आहे. सुरुवातीच्या भांडवलात साडेअठरा हजार म्हणजे एका सीझनचा माल. पण आपण फ्रिज घेताना जसं वर्षाचं लाइट बिल विचारतो, तसं कॅमेऱ्याला विचारा, की तू वर्षातले किती तास खरंच चालणार? आणि जे तास तू चालणार नाहीस, नेमके तेच मला लागले तर?

वायरलेस कधी घ्यावा?

माझं मत ऐकून कोणी म्हणेल की ताई वायफायच्या विरोधात आहेत. तसं नाही. अकरा महिन्यांच्या करारावरचा गाळा, मालक भिंतीला भोक पाडू देत नाही, तिथे वायफाय कॅमेराच बरोबर. घरातून चालणारा धंदा, प्रदर्शनातला चार दिवसांचा स्टॉल, रस्त्यापलीकडचं गोदाम, तिथेही तोच. उद्या जागा बदलली तर पिशवीत घालून नेता येतो. माझा जुना एक कॅमेरा आज घरच्या गोदामात छान काम करतोय, कारण आता त्यात कार्ड आहे आणि राउटर बॅकअपवर आहे. कॅमेरा तोच आहे. तेव्हाही त्याची काही चूक नव्हती, बसवणारी मी चुकले होते.

त्या मसाल्याच्या ताईंनाही मी शेवटी वायफाय कॅमेराच घ्यायला सांगितलं. त्यांचा गाळा भाड्याचा आहे. फक्त यादी बदलली. चार कॅमेऱ्यांच्या जागी एकच, गल्ला आणि दार दोन्ही दिसेल असा. त्यात १२८ जीबीचं हाय एंड्युरन्स कार्ड. राउटर आणि कॅमेरा दोघांना पुरेल असा मिनी यूपीएस. आणि कॅमेऱ्याजवळ एक बोर्ड, तोही केसिंग पट्टीतून, म्हणजे भिंत फोडायला नको. त्यांनी कागदावर बेरीज केली, ती बारा हजारांच्या निम्म्याच्याही आत बसली.

मी त्यांना एकच अट घातली, तीच तुम्हालाही घालते. कॅमेरा बसवून झाला की बसवणाऱ्याचे सगळे पैसे लगेच देऊ नका. थोडे हातात ठेवा आणि त्याच्यासमोर ही परीक्षा घ्या.

आधी शटर खाली ओढा आणि बाहेरचं चित्र येतंय का बघा.

मग मेन स्विच बंद करा. अर्धा तास थांबा, चहा प्या, गप्पा मारा. नंतर स्विच चालू करून त्या अर्ध्या तासाचं रेकॉर्डिंग काढून दाखवायला सांगा.

मग राउटरमधून नेटची केबल काढा, म्हणजे वायफाय चालू पण इंटरनेट बंद. दहा मिनिटांनी परत लावा. त्या दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग सापडलं पाहिजे.

शेवटी रात्री नऊला, दिवे बंद करून, अर्धा तास लक्ष ठेवा. कॅमेरा एकदाही बंद होऊन चालू झाला नाही ना?

चारही जमलं तर राहिलेले पैसे द्या आणि वर चहा पाजा. एकही नापास झालं तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. आणि दर महिन्याच्या एक तारखेला, भाडं-पगार काढायच्या दिवशीच, मेन स्विचची परीक्षा परत घ्या. बॅटऱ्या म्हाताऱ्या होतात, कार्डं झिजतात.

जाता जाता एक सांगते. कॅमेरा विकणारा तुम्हाला सांगेल की कामगारांवर लक्ष राहील. मला आता वाटतं की तो कामगारांसाठीही तितकाच असतो. त्या दिवशी मागच्या दारावरचं साडेसहा तासांचं रेकॉर्डिंग असतं, तर पाचच खोकी उतरली हे मी दोन मिनिटांत पाहिलं असतं. मी तिला एकदाही विचारलं नसतं. फोन तिला नाही, थेट ट्रान्सपोर्टवाल्याला केला असता.

हे सगळं माझ्या दुकानात, शटर पाडून आणि मेन स्विच बंद करून, पुढच्या व्हिडिओत दाखवणार आहे. तोपर्यंत आज संध्याकाळी एकच काम करा. राउटरची पिन कुठल्या बोर्डाला आहे, तेवढं खाली वाकून बघा.

भेटू पुढच्या रविवारी. धंदा वाढवा, माणसं जपा.